घरात मार खाणारी पेशंट ओपीडीत आल्यावर: डॉक्टरांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं ठणकतं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. शेजारच्या खुर्चीवर नवरा बसलेला. तुम्ही विचारता, "घरी काही टेन्शन वगैरे नाही ना?" ती आधी त्याच्याकडे बघते, मग म्हणते, "नाही, तसं काही नाही." तुम्ही झोपेची गोळी लिहून देता आणि पुढच्या पेशंटला आत बोलावता.

एवढ्या दोन मिनिटांत तीन चुका झाल्या. प्रश्न त्याच्यासमोर विचारला. "नाही" हे उत्तर प्रश्नातच घालून दिलं. आणि गोळी अशी दिली, की रात्री कोणी अंगावर धावून आलं तर तिला धड जागही येऊ नये. या तिन्ही चुका मी स्वतः बरीच वर्षं केल्या आहेत.

डॉक्टरांची तळमळ कमी पडते असं नाही, क्रम चुकतो. एकांत मिळण्याआधी प्रश्न, धोका ओळखण्याआधी सल्ला, ऐकून घेण्याआधी औषध. खालचा क्रम रोजच्या ओपीडीत वापरता यावा असा लिहिला आहे. एका भेटीत तिची सुटका करणं हे तुमचं काम नाही. तुमच्याकडे आल्यामुळे तिचा धोका वाढला नाही आणि तिला पुन्हा येता आलं, तर भेट कामी आली.

लेखात "ती" आणि "नवरा" म्हटलंय, कारण बहुतेक वेळा चित्र तेच असतं. पण पुरुष, म्हातारे आईवडील, समलिंगी जोडीदार, भावाच्या धाकात राहणारी बहीण, यांच्यासाठीही पायऱ्या याच.

## १. पेशंट येण्याआधीची तयारी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ऐनवेळी धांदल उडते.

खोली. दार लागलं पाहिजे आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू जाता कामा नये. पडदा म्हणजे एकांत नव्हे. पडद्यापलीकडे बसलेला नवरा सगळं ऐकत असतो.

नियम. प्रत्येक पेशंटला काही मिनिटं एकटं तपासायचं, असा दवाखान्याचा सरसकट नियम करा आणि तशी पाटी बाहेर लावा. फक्त संशय आलेल्या बाईच्या नवऱ्याला बाहेर काढलंत, तर त्याला लगेच कळतं. सगळ्यांनाच काढलंत, तर तो कुरकुरतो पण बसतो.

फोन नंबर. स्त्रियांसाठीची हेल्पलाइन, निवारागृह, कायदेशीर मदत, मानसोपचार तज्ज्ञ, लहान मुलांसाठीची यंत्रणा. यादी करून भिंतीला चिकटवली की काम झालं, असं समजू नका. प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा. कोण उचलतं, रात्री उचलतं का, निवाऱ्यात मुलांना घेतात का, मोठ्या मुलग्याला घेतात का, मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्या बाईला घेतात का, हे विचारून यादीतच लिहा. पेशंटसमोर बसून बंद पडलेला नंबर लावण्यासारखी दुसरी फजिती नाही. दर तीन-चार महिन्यांनी ही यादी पुन्हा तपासा.

कायदा. तुमच्या भागात कोणत्या गोष्टी पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, ते आधीच वाचून ठेवा. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत ठिकठिकाणी नियम वेगळे आहेत. मुलांच्या बाबतीत ते बहुधा जास्त कडक असतात.

माणसं. रिसेप्शनवरची व्यक्ती, नर्स, ड्रेसिंग करणारा. कोणी काय बोलायचं नाही, हे प्रत्येकाला माहीत हवं. भाषेची अडचण असेल तर दुभाषी बाहेरचा घ्या. नवरा, नणंद किंवा दहा वर्षांचा मुलगा दुभाषी म्हणून चालत नाही. आणि स्टाफपैकीच कोणी घरी हे सोसत असेल, ही शक्यताही मनात असू द्या.

> तपासा: दार बंद करून एकाने आत नेहमीच्या आवाजात बोला, दुसऱ्याने बाहेरच्या बाकावर बसून ऐका. शब्द कळत असतील, तर आधी खोलीचं बघा.

## २. शंका कधी घ्यायची

आपल्याकडे अशा पेशंट येत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. त्या कुठल्यातरी ओपीडीत येतातच.

प्रत्येकीला विचारायचं की फक्त शंका आली तर, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सरसकट चाळणीची शिफारस करत नाहीत. त्या म्हणतात, हिंसेमुळे उद्भवू शकेल अशी तक्रार दिसली की विचारा. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१८ मध्ये प्रजननक्षम वयाच्या सगळ्याच स्त्रियांना विचारण्याची शिफारस केली. माझं मत असं, की पुढे काय करायचं हे ठरलेलं नसेल तर सरसकट विचारू नका. पण मनाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकीला एकांतात विचाराच. उदासी, झोप उडणं, घाबरेपणा, आत्महत्येचा प्रयत्न, अचानक वाढलेली दारू किंवा वेदनाशामक गोळ्या, यांपैकी काहीही दिसलं की हा प्रश्न झालाच पाहिजे.

शरीराच्या खुणाही सांगतात. चेहरा, मान, छाती, पोट इथला मार. हाताच्या बाहेरच्या बाजूचे वळ, म्हणजे वार अडवताना लागलेले. दुखापत आणि दवाखान्यात येणं यांत दिवसांचं अंतर. सांगितलेली हकीकत जखमेशी न जुळणं. कारण न सापडणारं ओटीपोटातलं दुखणं. गरोदरपणात उशिरा सुरू झालेल्या तपासण्या. आणि सोबतचा माणूस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्याआधी देत असेल तर तेही.

> सावधान: वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवू नका. ही पद्धत भरवशाची नाही. "वेगवेगळ्या वेळी झालेला मार" असं केवळ रंगावरून लिहिलंत, तर पुढे तुमची सगळीच नोंद संशयाच्या फेऱ्यात येते.

## ३. एकांत मिळवणं

सरळ, कंटाळलेल्या आवाजात म्हणायचं: "तपासायचं आहे, तुम्ही बाहेर बसा. झालं की बोलावतो." खुलासा देत बसू नका. खुलासा दिला की वाद सुरू होतो. लघवीचा नमुना, वजन, एक्स-रे, या निमित्तांनी नर्स तिला आत नेऊ शकते.

तो हलायलाच तयार नसेल तर? त्या दिवशी विचारू नका. ओढाताण केली तर घरी गेल्यावर हिशेब तिला चुकवावा लागतो. "हा रिपोर्ट आठवड्याने पुन्हा बघावा लागेल" म्हणून तारीख द्या आणि त्या दिवसाची तयारी ठेवा. तो हलला नाही, ही बाबसुद्धा नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

बोलू लागलेलं मूल खोलीत असेल, तरीही विचारू नका. ते रात्री जेवताना सगळं सांगून टाकतं, त्यात त्याचा काही दोष नाही.

फोनवर किंवा व्हिडिओवर तपासत असाल, तर समोर कोण बसलंय ते दिसत नाही. आधी विचारा, "आत्ता मोकळं बोलता येईल? फक्त हो किंवा नाही सांगा." उत्तर "नाही" आलं की विषय बदला आणि प्रत्यक्ष यायला सांगा.

## ४. प्रश्न विचारणं

"तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का?" हा प्रश्न जवळजवळ नेहमी वाया जातो. ज्या बाईला महिन्यातून दोनदा मार बसतो, तीही त्याला हिंसाचार म्हणत नाही. ती म्हणते, "त्यांना राग लवकर येतो." म्हणून शब्द नको, कृती विचारा. क्रम असा:

1. गुप्ततेची हद्द आधी. "इथलं बोलणं मी तुमच्या घरच्यांना सांगणार नाही. पण अमुक गोष्ट असेल तर मला कळवावीच लागते, ती सोडून." हे शेवटी सांगितलंत तर ती फसवणूक ठरते.
2. दार किलकिलं करणारं वाक्य. "अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणींना घरात त्रास असतो, म्हणून मी सगळ्यांनाच विचारतो."
3. थेट प्रश्न. "घरात कोणाची भीती वाटते का?" "भांडण झालं की ते काय करतात?" "कोणी हात उगारलाय, ढकललंय, लाथ मारलीय?" "नको म्हटल्यावरही जबरदस्ती होते का?" "पैसे, फोन, माहेरचं बोलणं, यावर कोणाची नजर असते?"

दुसरं वाक्य झालं की थांबा. गप्प राहणं डॉक्टरांना जमत नाही. पाच-सहा सेकंद फार मोठी वाटतात आणि आपण पटकन "तसं काही नसेल तर उत्तमच" असं बोलून जातो. उत्तर नेमकं त्याच सेकंदांत येणार असतं.

प्रश्नावलीचा आधार हवा असेल तर १९९८ मध्ये मांडलेली चार प्रश्नांची एक साधी पद्धत आहे. जोडीदार किती वेळा मारतो, अपमान करतो, इजा करण्याची धमकी देतो, ओरडतो किंवा शिव्या देतो? प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण १० च्या वर गेले तर होकार धरायचा. पण कागद तिच्या हातात भरायला देऊ नका, तो पर्समध्ये सापडतो.

ती "नाही" म्हणाली, तर ते उत्तर माना. "ठीक आहे. कधी बोलावंसं वाटलं तर इथे बोलता येईल." उलटतपासणी नको. पहिल्या भेटीतलं "नाही" हे पुष्कळदा तुमची परीक्षा असते: हा माणूस मागे लागतो की नवऱ्याला सांगतो?

## ५. तिने सांगितल्यानंतरची पाच मिनिटं

पेन खाली ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेत या भागाचे पाच टप्पे दिले आहेत: ऐकणं, गरज काय ते विचारणं, तिचं म्हणणं खरं मानणं, सुरक्षितता वाढवणं, आधार जोडून देणं. पहिले तीन इथेच होतात आणि त्यांना वाटतो तेवढा वेळ लागत नाही.

म्हणायचं ते एवढंच: "सांगितलंत ते बरं केलंत." "यात तुमची चूक नाही." "आत्ता तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून मी अनेकदा चकित झालो आहे. मला वाटायचं, ती म्हणेल "मला तिथून बाहेर पडायचंय." ती म्हणाली, "सोमवारी मुलाची परीक्षा आहे, तोवर घरात शांतता हवी." मग त्या आठवड्याचा आराखडा परीक्षेभोवतीच आखावा लागतो.

> ही वाक्यं टाळा: "इतकी वर्षं का सहन केलं?" "तुम्ही असं काय बोललात की त्यांना राग आला?" "मुलांकडे बघून जुळवून घ्या." आणि तितकंच घातक, "आजच घर सोडा."

शेवटचं वाक्य चांगल्या मनाने म्हटलं जातं. पण घर सोडण्याच्या आसपासचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. हातातून ताबा निसटतोय हे कळल्यावर मारणाऱ्याचा तोल जातो. तो निर्णय तिचा, तिच्या वेळेने आणि तयारीनिशीच व्हायला हवा.

## ६. धोका किती, हे ठरवणं

इथे घाई नको. बाहेर पंधरा पेशंट बसले असले तरी हे सहा प्रश्न व्हायलाच हवेत:

1. गेल्या सहा महिन्यांत मारहाण वाढली आहे का, किंवा जास्त गंभीर झाली आहे का?
2. कधी हत्यार वापरलंय, किंवा त्याची धमकी दिलीय?
3. कधी गळा दाबलाय?
4. हा माणूस आपला जीव घेऊ शकतो, असं तुम्हाला वाटतं का?
5. गरोदर असताना मारलंय?
6. तो सतत संशय घेतो का, आणि त्यातून हिंसक होतो का?

तीन किंवा जास्त उत्तरं "हो" आली, तर तात्काळ धोका मोठा समजा आणि ती घरी जाण्याआधीच हेल्पलाइन किंवा निवाऱ्याशी बोलणं घडवून आणा. चौथ्या प्रश्नाचं "हो" एकटंच आलं तरी मी थांबतो. त्या माणसाला तिच्याइतकं कोणी ओळखत नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल वेगळं सांगायला हवं. गळा दाबला हे बायका आपणहून सांगत नाहीत. सांगितलं तरी "थोडं धरलं होतं" असं सांगतात. जोडीदाराने आधी कधी गळा दाबला असेल, तर पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त आढळल्याचं अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात नोंदवलं आहे. आणि मान बघून काहीच कळत नाही, असंही होतं. सॅन डिएगोतल्या अशा ३०० प्रकरणांच्या २००१ मधल्या आढाव्यात निम्म्या स्त्रियांच्या गळ्यावर डोळ्यांना दिसेल अशी खूणच नव्हती.

म्हणून खूण शोधत बसू नका, विचारा. आवाज घोगरा झाला का? गिळताना दुखतं का? डोळ्यांपुढे अंधारी आली का, शुद्ध गेली का? त्या वेळी लघवी किंवा संडास झाली का? हा प्रश्न ओशाळवाणा वाटतो, पण उत्तर "हो" असेल तर मेंदूला प्राणवायू कमी पडला होता असं धरा. पापण्या उलट्या करून बघा, टाळू बघा, कानांमागे बघा, लाल सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात का. मानेतल्या धमनीच्या भिंतीला चीर गेली असेल, तर पक्षाघात काही तासांनी किंवा दिवसांनीही येऊ शकतो. शुद्ध गेली होती, आवाज बदलला आहे, मान दुखते आहे किंवा मज्जासंस्थेचं कुठलंही लक्षण आहे, तर मानेच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ होऊ शकेल अशा ठिकाणी पाठवा. "आता बरं वाटतंय" यावर घरी सोडू नका.

मग आत्महत्येचा प्रश्न, तोही थेट: "जगणं नको असं वाटतं का? स्वतःला संपवण्याचा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?" विचारल्याने विचार मनात भरतो, हा गैरसमज आहे.

> तपासा: सहा प्रश्न, गळ्याची तपासणी, आत्महत्येचा प्रश्न. तिन्ही झाल्याशिवाय औषधाच्या चिठ्ठीला हात लावू नका.

## ७. मनाची तपासणी आणि उपचार

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हा आजार आहे की प्रतिक्रिया? दारात किल्ली वाजली की जिचं काळीज हलतं, तिच्या घाबरण्याला कारण आहे. मार खाल्ल्यावर पहिले काही दिवस झोप उडणं, दचकणं, तेच तेच आठवणं, हे बहुतेकांना होतं आणि आधार मिळाला की पुष्कळांचं ओसरतं. या काळात काय झालं ते खोदून खोदून सांगायला लावू नका. जबरदस्तीने एका बैठकीत सगळं बोलून घेण्याचा उपयोग होत नाही, उलट त्रास वाढू शकतो.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातली औषधं आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताण किंवा निद्रानाशासाठी देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सवय लागते, आणि गुंगीत असलेली बाई ना पळू शकते, ना मुलांना उचलू शकते. पूर्वीपासून रोज घेत असेल, तर मात्र एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. हळूहळू कमी करा.

उदासीनता. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरता येते, एकूण गुण २७. १० किंवा जास्त आले, तर नीट मुलाखत घ्या. नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. बेरीज कमी आली म्हणून त्याचं उत्तर नजरेआड करू नका. लक्षणं मध्यम ते तीव्र असतील आणि रोजचं काम होत नसेल, तर औषध द्या. त्याआधी कधी अतिउत्साहाचा, न झोपता धावपळ करण्याचा काळ येऊन गेला का, हे विचारा, नाहीतर उन्माद उफाळू शकतो. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं एकदम जास्त घेतली तर जीवघेणी ठरतात, म्हणून जिथे आत्महत्येचा धोका आहे तिथे ती टाळा. कोणतंही औषध असो, एका वेळी आठवड्याचंच द्या. दर आठवड्याला यायला निमित्तही मिळतं.

आघातोत्तर तणावाचा विकार. महिना उलटला तरी प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, सतत सावध राहणं, हे टिकून असेल तर आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार करणाऱ्याकडे पाठवा. मार चालूच असेल तर त्याला तसं स्पष्ट कळवा. त्या उपचारांचा वेग वेगळा ठेवावा लागतो, कारण धोका अजून घरातच आहे.

डोक्याचा मार. विसरभोळेपणा, चिडचिड, लक्ष न लागणं हे सगळं उदासीनतेच्या खात्यात टाकण्याआधी विचारा: डोकं किती वेळा आपटलं? वारंवारच्या आघातांनी मेंदू थकतो आणि ते मानसिक आजारासारखंच दिसतं.

गोळ्या कोणाच्या ताब्यात? हे विचारलंच पाहिजे. नवरा गोळ्या लपवतो, किंवा जबरदस्तीने जास्त देतो, दोन्ही घडतं. तसंच "डॉक्टर, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, हिला शांत राहायचं काहीतरी द्या," असं म्हणत तो तिला घेऊन येतो. त्याची हकीकत ऐका, पण निदान त्या हकीकतीवर बेतू नका. तुम्ही लिहिलेलं निदान उद्या मुलांच्या ताब्याच्या भांडणात तिच्याविरुद्ध फडकवलं जाऊ शकतं. म्हणून नुसतं "चिंताविकार" असं लिहू नका, दवाखान्यातल्या नोंदीत मारहाणीचा संदर्भही लिहा.

> सर्वांत महागात पडणारी चूक: दोघांना समोरासमोर बसवून समुपदेशन. तिने खरं बोललं तर घरी मार, खोटं बोललं तर समुपदेशनाचा उपयोग शून्य. मार चालू असताना जोडप्याचं समुपदेशन नको. तो वारंवार मागणी करत असेल, तरीही नको.

हीच चूक दुसऱ्या रूपातही होते. डॉक्टर चिडून नवऱ्याला केबिनमध्ये बोलावतो आणि झापतो. मीही एकदा झापलं. ती बाई पुन्हा कधी आली नाही.

## ८. नोंद

केसपेपर पुढे कधी कोणासमोर जाईल सांगता येत नाही. एकच प्रसंग दोन प्रकारे लिहिलेला बघा.

चुकीचं: "पेशंटचा आरोप आहे की घरगुती वादात तिला मारहाण झाली. अंगावर जखमा. चिंताग्रस्त."

बरोबर: "पेशंट सांगते: 'काल रात्री नऊच्या सुमारास नवऱ्याने दोन्ही हातांनी गळा दाबला, मला दिसेनासं झालं.' आवाज घोगरा. मानेच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याखाली २ सें.मी. × १ सें.मी. लालसर वळ. सांगताना हात थरथरत होते. जखम सांगितलेल्या हकीकतीशी सुसंगत."

तिचे शब्द अवतरणात, तुम्ही पाहिलेलं वेगळं. "आरोप करते", "दावा करते" हे शब्द नकोत. शरीराचं रेखाचित्र काढून खुणा दाखवा. फोटो तिच्या संमतीने, तीन अंतरांवरून: चेहऱ्यासह, तो भाग, आणि मोजपट्टी ठेवून जवळून. फोटो डॉक्टरच्या खासगी मोबाइलमध्ये राहता कामा नयेत.

आता तिच्या हातात जाणारा कागद. त्यावर यातलं काही नको. बिल, विम्याचा अर्ज, मोबाइलवर येणारा दवाखान्याचा मेसेज, ऑनलाइन रिपोर्ट पाहण्याची सोय, यांपैकी नवऱ्याला काय दिसतं ते तिला विचारा. सगळी गुप्तता पाळली आणि बिलावर "हिंसाचार समुपदेशन" छापून आलं, असं घडलेलं आहे.

## ९. घरी पाठवण्याआधी

लैंगिक जबरदस्ती झाली असेल तर घड्याळ बघा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, आपत्कालीन गर्भनिरोधक १२० तासांपर्यंत चालतं. दोन्ही जितक्या लवकर तितकं चांगलं. "उद्या या" म्हणू नका.

मग घरी जायचंच असेल तर तिच्याबरोबर थोडक्यात आखा:

* भांडण पेटताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळायचं. एकीकडे सुऱ्या, दुसरीकडे कठीण फरशी आणि एकच दार.
* शेजारी किंवा बहीण यांच्याशी एक ठरलेला शब्द. तो शब्द आला की पोलिसांना फोन करायचा.
* ओळखपत्रं, बँकेचे कागद, मुलांचे दाखले, औषधं, थोडे पैसे, किल्लीची प्रत. हे घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे.
* मुलांना एवढंच शिकवायचं, की मधे पडायचं नाही, बाहेर कुठे पळायचं ते ठरलेलं.

मोबाइलवर माग ठेवला जात असेल, अशी शंका असेल तर तो एकदम बंद करायला सांगू नका. माग अचानक तुटला की त्याला लगेच कळतं. निवाऱ्याचा फोन तुमच्या दवाखान्यातल्या फोनवरून, तुमच्यासमोर लावून द्या. नुसती चिठ्ठी देऊन पाठवलेली बाई क्वचितच पोहोचते. फोनवर एकदा आवाज ऐकलेला असला की पाऊल उचलतं.

नंबर कागदावर देण्याआधी विचारा, "हे घरी नेणं चालेल का?" काही जणी पाठ करतात. काही जणी मैत्रिणीच्या नावाने सेव्ह करतात.

मुलांना मार बसतो का, हेही विचारा. उत्तर "हो" आलं तर पहिल्या पायरीवर वाचलेला कायदा इथे लागू होतो. जे कळवणार आहात ते आधी तिला सांगा, आणि कळवल्यावर घरात काय होईल याचा विचार तिच्यासोबत बसून करा.

## १०. पुन्हा बोलावणं

कार्डावर पुढची तारीख लिहा, कारण साधं: "बीपी", "रक्त तपासणी", "ड्रेसिंग". तारीख अशी, की त्या वेळी तो कामावर असेल. वेळ तिनेच सांगायची. संपर्क कोणत्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं, हे केसपेपरच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. रिसेप्शनवरून फोन गेला आणि पुरुषाचा आवाज आला, तर "तपासणीची तारीख होती, आठवण करून द्यायची होती" एवढंच बोलून ठेवायचं.

उदासीनतेची लक्षणं सौम्य असतील आणि औषध दिलं नसेल, तरी एक ते तीन महिने नियमित बघत राहा. प्रत्येक भेटीत धोक्याचे सहा प्रश्न नव्याने. मागच्या वेळी "नाही" आलेलं उत्तर बदलतं.

मधल्या काळात ती परत त्याच घरी नांदायला गेली, तक्रार मागे घेतली, तुम्ही जुळवून दिलेला निवारा सोडून आली, असं होईल. पुष्कळदा होतं. त्या दिवशी ती दारात आली तर "मी सांगितलं होतं" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. बीपीचा पट्टा बांधा, दार लावा, आणि विचारा, "गेल्या वेळेपासून कसं चाललंय?"